जमीन आमची, पीक दुसऱ्याचं. मग सरकारी अनुदान कुणाचं?

सई_आयोवा

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे शेतीतली आणि अमेरिकेतली दोन्ही माणसं आहेत म्हणून विचारते.

आम्ही नऊ वर्षांपासून आयोवाच्या वायव्य भागात राहतो. नवरा इथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे, मी शाळेत गणित शिकवते. मोठं शहर म्हणजे सू सिटी, तेही तासाभराच्या अंतरावर. काउंटीचं (म्हणजे इथल्या जिल्ह्याचं) नाव लिहीत नाही. लोकसंख्या इतकी कमी आहे की "मराठी डॉक्टरचं घर" म्हटलं की कुणीही बोट दाखवेल.

फेब्रुवारीत आम्ही एक जुनं घर घेतलं. घराला लागून ४० एकर शेत होतं, तेही त्याच व्यवहारात आलं. शेत शेजारचे एक गृहस्थ बावीस वर्षं खंडाने करतात. वय त्रेसष्ट. मी त्यांना इथे काका म्हणेन. स्वतःची जमीन थोडी, बाकी सातशे एकर दहा-बारा मालकांची. आधीच्या मालकिणीशी त्यांचा एकरी २४० डॉलर रोख खंड ठरला होता. राज्याची सरासरी पावणेतीनशेच्या आसपास आहे, म्हणजे खंड कमीच आहे.

आता एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिलाय: "खंड मोडा आणि अर्धलीने (निम्मा खर्च, निम्मं पीक) द्या. ४ जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने सरकारी पैसे वाढलेत. अर्धलीत निम्मा चेक तुमच्या नावाने येईल. खंडात सगळा त्या शेतकऱ्याला जातो." आयोवात जुना करार संपवायचा तर १ सप्टेंबरच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर तोच करार १ मार्चपासून पुढचं वर्ष चालू राहतो. म्हणजे माझ्या हातात तीन आठवडे आहेत.

कायद्यात बसतं, हे मी काउंटीच्या कृषी कार्यालयात जाऊन विचारून आले. पण आम्ही त्या शेतात एक दाणा पेरलेला नाही. ते पैसे घ्यावेत का? काय वाटतं?

---

पळसफूल

ताई, पयले हे सांगा, तिथं सातबारा असते का? अन् तलाठी?

---

सई_आयोवा

@पळसफूल, सातबारा नाही. काउंटीत मालकीची नोंद वेगळ्या कार्यालयात असते. केंद्राच्या शेती खात्याचं जे काउंटी कार्यालय आहे (एफएसए म्हणतात), तिथे प्रत्येक शेताला फार्म नंबर आणि त्यातल्या तुकड्याला ट्रॅक्ट नंबर असतो. विमानातून घेतलेला फोटो टेबलावर पसरून त्यावर शेताच्या रेषा आखलेल्या. दरवर्षी १५ जुलैपर्यंत शेतकरी तिथे जाऊन कुठे मका, कुठे सोयाबीन ते नोंदवतो. आपल्या ई-पीक पाहणीची आठवण आली मला. फरक एवढाच की इथे काउंटरवरची बाई काकांना नावाने ओळखते आणि त्यांच्या गुडघ्याची चौकशी करते.

---

नेब्रास्काकर

सई, तुमच्या प्रश्नाच्या आधी पैसे नेमके कशाचे मिळतात ते नीट समजून घेऊ. मी लिंकनजवळ राहतो, वीस वर्षं याच क्षेत्रात काम करतो.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की पेरलेल्या पिकावर अनुदान मिळतं. तसं नाही. तुमच्या जमिनीला "बेस एकर" चिकटलेले आहेत. म्हणजे पूर्वी कधीतरी त्या शेतात काय पेरलं जायचं, त्यावरून कागदावर बसलेला आकडा. समजा तुमच्या ४० एकरांत २० एकर मक्याचा बेस आणि १५ एकर सोयाबीनचा. काकांनी यंदा सगळीकडे सोयाबीन लावलं तरी हिशोब मक्याच्या २० एकरांचाच होणार. जमीन विकली की बेस जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जातो. तुम्ही घर घेताना तोही घेतलात, कदाचित न कळत.

त्यावर दोन योजना आहेत, दोन्ही २०१४ च्या फार्म बिलात (केंद्राच्या शेती कायद्यात) आल्या. एक पीएलसी, ती भावावर चालते. कायद्याने एक आधारभाव ठरवलाय. मक्याचा पूर्वी बुशेलला (धान्याचं इथलं माप) ३.७० डॉलर होता, नव्या कायद्याने ४.१०. सोयाबीन ८.४० वरून १०. वर्षाचा सरासरी बाजारभाव त्याखाली गेला तर फरक मिळतो, तोही बेसच्या ८५ टक्के एकरांवर. (मागची वर्षं तेजीची असतील तर आधारभाव थोडा वर सरकतो, ते तूर्त सोडून देऊ.)

तुमच्यापुरतं उदाहरण: समजा भाव ३.९० झाला. फरक २० सेंट. कागदावरचा उतारा, म्हणजे उत्पादन, एकरी १५० बुशेल धरला तर एकरी ३० डॉलर. वीस एकरांचे ८५ टक्के म्हणजे १७ एकर. मिळाले ५१० डॉलर. अर्धलीत तुमचे २५५. नवीन कायदा, नवीन कायदा म्हणून गाजतंय, त्याची तुमच्या शेतापुरती किंमत एवढी.

दुसरी योजना एआरसी. ती काउंटीवर चालते आणि खरी गंमत तिथे आहे. काउंटीच्या मागच्या पाच वर्षांतलं सर्वात चांगलं आणि सर्वात वाईट वर्ष काढून टाकायचं, उरलेल्या तिघांची सरासरी घ्यायची, उताऱ्याचीही आणि भावाचीही. दोन्ही आकडे गुणले की काउंटीचं नेहमीचं एकरी उत्पन्न मिळतं. पूर्वी त्या वर्षाचं उत्पन्न त्याच्या ८६ टक्क्यांखाली गेलं तर पैसे मिळायचे. नव्या कायद्याने ते ९० टक्के केलंय. पण उत्पन्न काउंटीचं, तुमच्या शेताचं नाही. तुमचं शेत गारपिटीत आडवं झालं आणि बाकी काउंटीत भरघोस पिकलं, तर तुम्हाला शून्य.

आणि पैसे कधी? पीक काढल्यावर जवळजवळ वर्षाने. २०२५ च्या पिकाचे २०२६ च्या ऑक्टोबरात.

---

गोदाकाठ

@नेब्रास्काकर, तुमचं ते काउंटीच्या उत्पन्नाचं वाचून मी दोन मिनिटं थांबलो. हे तर आमच्या पीकविम्याचंच दुखणं आहे!

मी नांदेड जिल्ह्यातला. आमच्याकडे विम्याचं एकक महसूल मंडळ. मंडळात ठरलेल्या काही प्लॉटवर पीक कापणी प्रयोग होतात, त्यावरून मंडळाचा सरासरी उतारा निघतो आणि भरपाई त्यावर. ओढ्याकाठचं माझं सोयाबीन चार दिवस पाण्यात होतं. वरच्या माळावरच्या लोकांना बरं पिकलं. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली. मी भावकीत कुणाला तोंड दाखवेना, कारण मीच सगळ्यांना विमा भरायला लावला होता.

आयोवातल्या माणसालाही असंच होत असेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

---

मेघमल्हार

होतं, नक्की होतं. आम्ही सीडर रॅपिड्सला आहोत. १० ऑगस्ट २०२० चं डेरेचो वादळ आम्ही तळघरात बसून काढलं. बाहेर आलो तर मैलोन्‌मैल मका एका दिशेला लोळलेला, कुणीतरी कंगवा फिरवावा तसा. तेव्हा शेतकऱ्यांना सावरलं ते पीकविम्याने. इथला विमा वेगळा असतो, बरेच जण स्वतःच्या शेताच्या उताऱ्यावर काढतात आणि हप्त्याचा मोठा भाग सरकार भरतं. एआरसी हा त्याच्यावरचा दुसरा थर.

---

जुनाजाणता

सई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. जमिनीत तुमचा पैसा अडकलाय, त्यावर कर तुम्ही भरता, भाव पडला तर जमिनीची किंमत तुमची उतरते. अर्धलीत बी-खताचा निम्मा खर्चही तुम्ही उचलाल, पीक बुडालं तर तुमचंही बुडेल. म्हणजे जोखीम घेतलीत. जोखमीबरोबर चेक आला तर त्यात लाजण्यासारखं काय? सरकारने नियमच तसा केलाय. रोख खंड घेणाऱ्याला पैसे नाहीत, कारण त्याला पीक बुडण्याची भीती नाही. वाटा घेणाऱ्याला आहेत, कारण त्याला आहे. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो.

माझे स्वतःचे वडील देशावर अर्धलीने जमीन देत. दुष्काळात त्यांनी बटईदाराबरोबर निम्मं नुकसान सोसलंय.

---

तिफण

@जुनाजाणता, तुमच्या वडिलांचा आदर ठेवून म्हणते, नियम शहाणा असला तरी त्याचा वापर कसा होतो ते इतिहासात बघा. अमेरिकेत शेतीला असे सरकारी पैसे सुरू झाले तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला होता.

१९३३ च्या मे महिन्यात अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात पहिला कृषी समायोजन कायदा आला. कृषिमंत्री होते हेन्री वॉलेस, सईच्याच आयोवाचे, अडेअर काउंटीत जन्मलेले. भाव इतके कोसळले होते की पीक कमी करण्यासाठी शेतकऱ्याला पैसे द्यायचं ठरलं. कायदा झाला तेव्हा कापूस पेरून झाला होता, म्हणून त्या वर्षी सुमारे एक कोटी एकर कापूस नांगरून टाकला. साठेक लाख डुकरं आणि पिल्लं मारली. उपासमारीच्या वर्षांत हे झालं, लोक हादरले.

पण आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो पुढच्या भागाचा. दक्षिणेत कापूस करणारी माणसं जमिनीची मालक नव्हती, वाट्याने कसणारी होती. काळी, गोरी, दोन्ही. कमी कापूस लावण्याचे पैसे मालकाकडे गेले आणि त्याने कुळाला त्याचा वाटा द्यायचा होता. अनेकांनी दिला नाही. उलट कापूस कमी लावायचा तर कुळं तरी कशाला, म्हणून त्यांना घराबाहेर काढलं. म्हणून जुलै १९३४ मध्ये आर्कान्सातल्या टायरोन्झा गावी दक्षिणी कुळांची संघटना उभी राहिली. काळे आणि गोरे एकत्र, त्या काळात! आणि खात्यातल्या ज्या वकिलांनी "कुळांना हलवता येणार नाही" असा कायद्याचा अर्थ लावला, त्यांनाच फेब्रुवारी १९३५ मध्ये नोकरीवरून काढलं.

१९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, पण कुळांच्या दुःखामुळे नव्हे, शेती उत्पादनावर नियंत्रण हा केंद्राचा नव्हे, राज्यांचा अधिकार आहे या मुद्द्यावरून. १९३८ मध्ये नवा आला. तेव्हापासून कार्यालयं बदलली, नावं बदलली. पैसे जमिनीमागे जातात, घामामागे जात नाहीत, ते मात्र तसंच राहिलं.

सई, माझं उत्तर स्पष्ट आहे. घेऊ नका.

---

पळसफूल

तिफणताई, तुमी माह्या मनातलं बोलल्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. सात एकर सोताची अन् अकरा एकर ठोक्यानं करतो. मालक नागपूरले रायते, मानूस चांगला हाय. पन अतिवृष्टी झाली का मदत येते सातबाऱ्यावाल्याच्या खात्यात. कापूस सडला माहा, बियानं माहं, फवारनी माही, पैशे त्याईच्या मोबाईलवर वाजले. मी फोन केला तं म्हने, "अरे मले माहीतच नोयतं हे काह्याचे पैशे आले." खोटं नव्हते बोलत बरं. त्याईले खरंच माहीत नोयतं. मंग निम्मे देल्ले त्याईनं.

निम्मेच काहून, हे मी इचारलं नाही. पुढच्या वर्षी वावर पायजे ना मले.

---

अनुराधा_न

पळसफूल, तुमची शेवटची ओळ वाचून पोटात तुटलं.

---

नेब्रास्काकर

तिफण, इतिहास बरोबर सांगितलात, फक्त आजच्या आयोवातला शेतकरी आणि १९३४ च्या आर्कान्सातलं कूळ यांना एका रांगेत बसवू नका. सईंचे काका सातशे एकर करतात, त्यांच्याकडे काही लाख डॉलरची यंत्रं असणार. मालक बदलला तर त्रास होईल, पण ते बेघर होणार नाहीत.

आणि अर्थशास्त्रातली एक बाब सांगतो, ती दोन्ही बाजूंना आवडणार नाही. सईंनी अर्धली केली नाही, चेक पूर्ण काकांना गेला, तरी त्यातला काही भाग खंडातून मालकाकडे परत येतोच. कारण काउंटीतल्या प्रत्येकाला माहीत असतं की या जमिनीवर एवढे सरकारी पैसे येतात. मग पुढच्या वर्षी मालक खंड वाढवतो, किंवा दुसरा कुणी जास्त बोली लावून शेत घेऊन जातो. जमिनीच्या किमतीतही ते पैसे मुरतात. सईंनी फेब्रुवारीत एकराला जो भाव दिला, त्यात त्या बेसचा काही हिस्सा आधीच होता.

---

तिफण

@नेब्रास्काकर, बेघर होणार नाहीत, मान्य. पण पळसफूल "निम्मेच का" विचारू शकले नाहीत आणि काकाही सईला काही विचारू शकणार नाहीत. त्या न विचारण्याबद्दल मी बोलतेय.

---

काळीमाती

खंड वाढवण्यावरून आठवलं. २०१८-१९ चं व्यापारयुद्ध कुणाला आठवतंय का? चीनने सोयाबीन घेणं जवळजवळ थांबवलं, तेव्हा सरकारने वेगळी भरपाई दिली. २०१८ मध्ये सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर आणि मक्याला एक सेंट. हो, एक सेंट! मी तेव्हा इलिनॉयमध्ये धान्याच्या कोठारावर हिशोब बघत होतो. एक म्हातारे शेतकरी मक्याचा चेक घेऊन आले आणि म्हणाले, याचं काय करू, फ्रेम करू की पेट्रोल भरू.

२०१९ मध्ये पद्धत बदलली. काउंटीला एकच दर, पीक कोणतंही असो. कुठे एकरी १५ डॉलर, कुठे १५०. रस्त्याच्या एका बाजूला एक काउंटी, दुसऱ्या बाजूला दुसरी. दोन्हीकडे शेत असलेला माणूस एकाच दिवशी एकाच ट्रॅक्टरने पेरायचा आणि दर दोन. लोक काउंटी कार्यालयातल्या बायकांवर चिडायचे. त्यांच्या हातात काय होतं? दर वॉशिंग्टनहून ठरून यायचे.

---

डेल्टातला_प्रवासी

मी मिसिसिपीत संशोधनासाठी चार वर्षं होतो, म्हणून काउंटी कार्यालयाची दुसरी बाजू लिहितो. सईंच्या इथे बाई गुडघ्याची चौकशी करते हे छान. पण ती ओळखच काहींच्या मुळावर आली.

प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनी निवडून दिलेली समिती असते, ३ ते ११ जणांची. कल्पना सुंदर आहे, गावचा निर्णय गावाने घ्यायचा. पण दक्षिणेत कित्येक दशकं त्या समित्यांवर जवळजवळ फक्त गोरे जमीनदार होते. काळ्या शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज पेरणी उलटेपर्यंत पडून राहायचा, किंवा हरवायचा. शेवटी शेती खात्यावर खटला झाला, पिगफर्ड खटला. १९९९ मध्ये तडजोड झाली, दावा मान्य झालेल्या बहुतेकांना ५०,००० डॉलर मिळाले. उशीर झाल्याने राहिलेल्यांसाठी २०१० मध्ये आणखी १.१५ अब्ज डॉलर मंजूर झाले. त्याच वर्षी मूळनिवासी शेतकऱ्यांच्या खटल्यातही ७६ कोटी डॉलरची तडजोड झाली.

पण तोवर अनेकांच्या जमिनी गेल्या होत्या. मी ज्या आजींच्या घरी भाड्याने राहत होतो त्यांच्या अंगणातून आता दुसऱ्याचा झालेला कापूस दिसायचा. संध्याकाळी खुर्ची त्या बाजूला पाठ करून ठेवायच्या.

---

सह्याद्रीपुत्र

विषयाला सोडून एक शंका. सईताई, व्हिसावर असलेल्याला अशी जमीन घेता येते का? माझी आपली सहज चौकशी. 😊

---

सई_आयोवा

@सह्याद्रीपुत्र, आम्ही दोन वर्षांपूर्वी नागरिक झालो. आयोवाचा कायदा या बाबतीत कडक आहे, अनिवासी परदेशी व्यक्तीला इथे शेतजमीन घ्यायला बंदी आहे, थोडे अपवाद सोडून. शिवाय केंद्राचा १९७८ चा कायदा आहे, परदेशी व्यक्तीने कुठेही शेतजमीन घेतली तर ९० दिवसांत शेती खात्याला कळवायचं. आणि नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर अनुदानासाठी जमीन आणि भांडवलाबरोबर स्वतःचं शेतातलं कामही दाखवावं लागतं.

हे वाचताना मनात आलं की परदेशी माणसाला "स्वतः राब" म्हणतात आणि मला, मी नागरिक म्हणून, नुसती जमीन वाट्याने दिली तरी पुरतं.

---

अनुराधा_न

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या घरचं सांगते. बाबा अंथरुणाला खिळून सहा वर्षं झाली. शेत आई बघते. पाणी धरणं, मजूर सांगणं, कांदा चाळीत भरणं, सगळं. सातबाऱ्यावर बाबा. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० बाबांच्या खात्यात. केवायसीला दर वेळी बाबांचा अंगठा लागायचा, तो मशीनवर उठायचा नाही. तीन हप्ते अडकले होते.

पैसे घरातच येतात, तक्रार त्याची नाही. पण मागच्या दिवाळीत आई म्हणाली, "सरकारच्या यादीत मी शेतकरी नाही का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून सातबाऱ्यावर तिचं नाव लावण्यासाठी तलाठी कार्यालयात खेटे घालतेय.

धाग्याशी किती संबंध आहे माहीत नाही. पण सई, तुमचा प्रश्न वाचला आणि आई आठवली.

---

तिफण

संबंध आहे, अनुराधा. पूर्ण आहे.

---

काळीमाती

तेलंगणानेही २०१८ मध्ये रयतु बंधू आणली तेव्हा हाच वाद झाला होता. हंगामाला एकरी ४,००० रुपये, जमिनीला मर्यादा नाही, आणि पैसे मालकाला. खंडाने कसणारे बाहेर. कुळाची नोंद घेतली तर उद्या तो जमिनीवर हक्क सांगेल ही मालकाची भीती. आपल्याकडे कुळकायदा झाल्यापासून तोंडी करार का चालतात, याचं उत्तरही तेच. म्हणून पळसफूल यांना लेखी काही मिळत नाही, आणि लेखी नाही म्हणून विमाही काढता येत नाही.

या एका बाबतीत आयोवा पुढे आहे. तिथे खंडकरी शेतकऱ्याचं नाव सरकारी नोंदीत मालकाच्या बरोबरीने असतं.

---

रानमेवा

सई, तिसरा रस्ता सुचवू का? दोघांनाही नको, मातीला द्या. सीआरपी नावाची योजना आहे, १९८५ च्या फार्म बिलातली. धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षं नांगराविना ठेवायची, गवत-फुलं लावायची आणि सरकार वर्षाला भाडं देतं. आयोवात तित्तर आणि मधमाश्या परत येतात. मी दे मॉइनजवळच्या एका शेतात मे महिन्यात गेले होते, गवतात उभं राहून पक्ष्यांचा आवाज ऐकला आणि वाटलं, मूळची प्रेअरी (इथला गवताळ माळ) अशी असेल.

---

जुनाजाणता

@रानमेवा, कल्पना चांगली. पण मग काकांचे ४० एकर जातात ना. त्यापेक्षा अर्धली बरी की त्यांच्यासाठी!

---

नेब्रास्काकर

सगळी जमीन द्यायची गरज नसते. ओढ्याकाठची पट्टी तेवढी देता येते. तिथे तसंही पीक कमी येतं. सई, ओढा आहे का?

---

सई_आयोवा

आहे. पश्चिमेच्या कुंपणाला लागून.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला लाज वाटत होती. गेल्या आठवड्यात एका रात्री मी नेटवर बसले. इथे सरकारी शेती अनुदानाची माहिती सार्वजनिक आहे. एका पर्यावरण संस्थेने १९९५ पासूनचे आकडे काउंटीनुसार, नावानुसार मांडून ठेवलेत. मी काकांचं नाव शोधलं. कोणत्या वर्षी किती, सगळं समोर. मोठा आकडा होता, सगळ्या वर्षांचा मिळून. क्षणभर मनात आलं, इतके पैसे मिळतात तर मला २५५ डॉलर दिल्याने त्यांचं काय बिघडेल!

मग मी गणिताची बाई म्हणून वर्षं आणि एकर यांनी भागलं. एकरी आकडा पाहिला आणि लॅपटॉप मिटला. शेजाऱ्याच्या घरात खिडकीतून डोकावल्यासारखं वाटलं. आमचा पगार कुणी असा शोधला तर?

दुसऱ्या दिवशी पोळ्या आणि भरली वांगी घेऊन त्यांच्याकडे गेले. (काकूंना वांगं आवडलं, काकांनी पोळीत लोणी गुंडाळून खाल्ली.) सरळ विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की त्यांच्या बारा मालकांपैकी चौघांची मुलं दुसऱ्या राज्यात आहेत, त्यांनी एकदाही शेत पाहिलेलं नाही. त्या मुलांकडून पत्र आलं की आधी काकू उघडतात, कारण काकांचा हात थरथरतो. आमच्या घराची पाटी लागली तेव्हापासून ते नोटिशीची वाट बघत होते. बावीस वर्षांत त्या चाळीस एकरांत त्यांनी स्वतःच्या खर्चाने जमिनीखालचे निचऱ्याचे पाइप दुरुस्त केलेत, चुना टाकलाय. हे कुठल्याच कागदावर नाही.

@पळसफूल, मी तेव्हा तुमची ती ओळ आठवत होते.

---

पळसफूल

ताई 🙏 मंग काय ठरलं?

---

सई_आयोवा

नोटीस देत नाही. रोख खंडच, पण तोंडी नको. तीन वर्षांचा लेखी करार, वकिलाकडून. सरकारी पैसे पूर्ण त्यांचे. खंड २४० चा २५० करायचा हे त्यांनी स्वतः सुचवलं, मी नको म्हटलं तर ऐकेनात. निचऱ्याच्या आणि चुन्याच्या खर्चाचा हिशोब करारात लिहायचा, म्हणजे मध्येच शेत सोडावं लागलं तर उरलेला खर्च आम्ही परत देऊ. ही कल्पना नवऱ्याची.

ओढ्याकाठची तीन एकरांची पट्टी सीआरपीत बसते का ते पुढच्या आठवड्यात काका आणि मी कार्यालयात जाऊन एकत्र विचारणार आहोत. बसली तर त्या तीन एकरांचा खंड मी घेणार नाही.

जुनाजाणता, तुम्ही चुकीचं बोलला नाहीत. आम्ही खर्चात उतरणार असतो तर अर्धली केलीही असती. पण बी कोणतं घ्यायचं हेही मला कळत नाही, मग मी नुकसानीत भागीदार कसली?

---

जुनाजाणता

पटलं. चुन्याच्या खर्चाची अट फार चांगली. आमच्या वडिलांनी विहिरीच्या खर्चाचं असं काही लिहून ठेवलं असतं तर एक जुनं भांडण टळलं असतं.

---

तिफण

सई, मनापासून आवडलं. करार झाला की त्यातली ती कलमं मराठीत इथे टाकाल का, नावं काढून? इथे कुणाला तरी उपयोग होईल.

---

पळसफूल

हो ताई, टाकाच. मी नागपूरवाल्याइले दाखवतो. माह्याकडं बी वावराले बांध मीच घातला हाय तीन साल झाले.

अन् एक राह्यलं. हे बुशेल म्हनजे किती?

---

काळीमाती

मक्याचं बुशेल ५६ पौंड, म्हणजे साधारण २५.४ किलो. सोयाबीनचं ६० पौंड, २७.२ किलो. एकरी २०० बुशेल मका म्हणजे जवळपास ५१ क्विंटल.

---

पळसफूल

एकरी एकावन्न??

---

सई_आयोवा

चांगल्या वर्षी हो. सप्टेंबरच्या शेवटी काका कापणी सुरू करतात, त्यांनी मला कंबाइनमध्ये शेजारच्या सीटवर बसायला बोलावलंय. फोटो टाकते. कलमंही टाकते, वकिलाकडून मसुदा आला की.